टायर म्हातारा झाला, हे कसं ओळखायचं?

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज सायकलच्या टायरवर बोलणार, हे फलकावर वाचून काही जण हसले आहेत, ते मला कळलंय. विषय मीच सुचवला. आपल्या वडूजच्या शाळा-कॉलेजांत आजूबाजूच्या गावांतून, वाड्यावस्त्यांवरून पोरं-पोरी सायकलवर येतात. शाळा सुटायच्या वेळी रस्त्याकडेला उभं राहून नुसते टायर बघा. काही पार गोटा झालेले, काहींच्या बाजू उललेल्या, एखाद्याला आलेला फुगा प्रत्येक फेऱ्याला ब्रेकला घासतोय. आणि दुसरीकडे काही घरांत काय चालतं? महिन्यात दोनदा पंक्चर झाली की चांगला टायर काढून टाकायचा आणि नवा घालायचा. म्हणजे टाकायचा तो आपण चालवतो आणि चालवायचा तो टाकतो. असं का होतं? कारण टायरचं वय कशावरून ओळखायचं, हे आपल्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं. आज मला तेवढंच सांगायचं आहे.

आधी टायर म्हणजे काय ते बघू. टायर म्हटलं की डोळ्यापुढं काळं रबर येतं. पण रबर हे टायरचं कातडं झालं. त्याचा सांगाडा आत असतो. जुना टायर मधून कापून बघा. दोन्ही कडांना तारेचं एकेक कडं असतं, ते टायरला रिमच्या खाचेत धरून ठेवतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोऱ्यांचे तिरपे थर असतात. पूर्वी हे दोरे सुती असत, आता बहुतेक नायलॉनचे असतात. या दोऱ्यांवर रबर चढवलेलं असतं; रस्त्याला टेकतं तिथं जाड आणि बाजूंना पातळ. आणि या सगळ्याच्या आत ट्यूब.

आता एक प्रश्न. चाकातल्या हवेचा दाब कोण सोसतं? बहुतेक जण म्हणतील, ट्यूब. ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरत राहा. ती फुगत जाते आणि शेवटी फुटते. ट्यूबचं काम फक्त हवा गळू न देण्याचं. दाब सोसतात ते टायरमधले दोरे. चाकात ५० पीएसआय हवा असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण साडेतीन किलोचा जोर असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साडेतीन किलो, असा सगळ्या टायरभर, सायकल उभी असली तरी. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा : टायरचा जीव दोऱ्यांत आहे. रबर ऊन, पाणी, खडी आणि काटे यांपासून त्या दोऱ्यांना राखतं.

हवेच्या टायरची कल्पना तशी फार जुनी नाही. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ साली तिचं पेटंट घेतलं, पण ती मागं पडली. पुढे १८८८ साली बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉयड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्याकडे बैलगाडीची लाकडी चाकं जाऊन रबरी चाकं आली, तेव्हा तिचं नाव टायरगाडी पडलं. चाक बदललं आणि गाडीची जातच बदलली.

पण रबर टिकाऊ झालं त्याआधीच. कच्चं रबर म्हणजे झाडाचा चीक. तो उन्हाळ्यात चिकट होतो आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना असं आढळलं की या रबरात गंधक घालून तापवलं तर ते घट्टही होतं आणि लवचीकही राहतं. असं का होतं, ते समजून घ्या, कारण टायरचं म्हातारपण इथंच दडलेलं आहे. रबराचे रेणू लांबलचक दोरीसारखे असतात. कच्च्या रबरात त्या दोऱ्या एकमेकींवरून सुट्या घसरतात. गंधक त्यांच्यामध्ये जागोजागी गाठी मारतं. मग ओढलं तर रबर ताणतं, सोडलं तर जागेवर येतं. गाठी मोजक्या असतील तोवर रबर तरुण. काळ, उष्णता आणि हवा मिळून एक तर नको तितक्या गाठी वाढवतात, मग रबर कडक होतं. किंवा दोऱ्याच तोडतात, मग ते चिकट आणि लिबलिबीत होतं. कडक झालेला टायर तुम्ही बघितला असेल. माळ्यावर पडून चिकट झालेली जुनी ट्यूबही बघितली असेल. ही दोन्ही म्हातारपणंच.

आता टायर किती तऱ्हांनी म्हातारा होतो ते एकेक करून बघू. चार तऱ्हा आहेत आणि त्या एकमेकींची वाट बघत नाहीत.

पहिली तऱ्हा झिजण्याची. ही सगळ्यांना दिसते. मागच्या चाकावर वजन जास्त असतं आणि पायडलचा जोरही तिथूनच रस्त्याला जातो, म्हणून मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. नव्या टायरची पाठ गोल असते, झिजलेल्याची मधोमध सपाट होते. त्यात ब्रेक दाबून चाक फरफटत न्यायची पोरांना हौस असते. तसं केलं की एकाच जागी चट्टा पडतो, आणि बाकी टायर चांगला असला तरी तेवढ्या जागी तो संपतो.

दुसरी तऱ्हा वाळण्याची. ही वापराविनाही होते. ऊन, हवेतला ऑक्सिजन, उष्णता आणि ओझोन हे चौघं मिळून ती करतात. ओझोन म्हणजे तीन अणूंचा ऑक्सिजन. जमिनीलगतच्या हवेत तो अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबराचा तो वैरी आहे. ताणलेल्या रबराच्या रेणूंवर तो नेमका कच्च्या जागी घाव घालतो आणि ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक भेगा पाडतो. टायरच्या बाजूंवर दिसतात त्या भेगा बऱ्याचदा याच असतात. यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरामध्ये मेणासारखे पदार्थ घालतात. टायर चालताना दबतो, सुटतो, तेव्हा हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. आता गंमत बघा. रोज चालणाऱ्या टायरला हे मेण मिळत राहतं; वर्षभर नुसत्या उभ्या सायकलच्या टायरला ते नीट मिळत नाही. म्हणून कधीकधी रोज चालवलेला टायर टिकतो आणि नुसता उभा ठेवलेला उलतो.

टायर काळाच का असतो, याचंही उत्तर इथंच आहे. रबरात काजळी घातलेली असते. काजळीनं रबराला बळ येतं आणि उन्हातले अतिनील किरण ती वरच्यावर शोषून घेते. ज्या टायरच्या बाजू शोभेसाठी पांढऱ्या किंवा तपकिरी असतात, त्या बाजूंना हे छत्र नसतं, म्हणून त्या उन्हात लवकर उलतात.

उष्णतेचं तर आपल्याला सांगायलाच नको. खटाव-माण म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. ऊन भरपूर, सावली कमी. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला टेकून उभी केलेली सायकल आणि घराच्या आत उत्तरेच्या भिंतीला उभी केलेली सायकल, यांचे टायर एकाच दिवशी घेतले असले तरी चार उन्हाळ्यांनी ते एका वयाचे राहत नाहीत.

तिसरी तऱ्हा सांगाड्याच्या थकण्याची. आतले दोरे थकतात ते कमी हवेनं, जादा वजनानं आणि खड्ड्यांनी. तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना? तसंच. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला खोल मुडपतात. त्यात मागं डबल सीट आणि पुढं दप्तर. मग दोरे एकेक करून तुटायला लागतात आणि त्या जागी टायर फुगवटा धरतो. त्यालाच आपण फुगा आला म्हणतो. माझ्या मते या भागात टायर म्हातारा करण्यात उन्हाच्या खालोखाल नंबर आहे तो कमी हवेचा. आणि हवा भरायला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

चौथी तऱ्हा कडेच्या तारेची. पावसात, ओढ्यात चाक बुडालं की रिममध्ये पाणी राहतं. रिम गंजते, गंज कडेचं रबर खातो, मग तारही गंजते. पाना लावून टायर आडदांडपणे काढला तरी कड फाटते. तार सुटली की टायर रिममध्ये बसत नाही आणि चालत्या सायकलवरून निसटू शकतो.

आता आपण मुद्द्यावर येऊ. या चार तऱ्हा वेगवेगळ्या वेगानं चालत असतील, तर टायरचं वय किती, या प्रश्नाचं एक उत्तर कसं असेल? मोटारीच्या टायरवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सायकलच्या टायरवर अशी सोय बहुधा नसते. आणि असती तरी ती फक्त जन्मतारीख झाली असती.

आपला शेतकरी हे चांगलं जाणतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला गेलेला माणूस जन्मतारीख विचारत नाही. जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलाय. आणि तेवढ्यावर थांबतो का? नाही. चालवून बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो. दातांवरून वर्षं कळतात. बैल नांगराला किती टिकेल, ते खांदा सांगतो. टायरचंही असंच आहे. दुकानदाराला साल विचारा, पण खांदा आपण चाचपायचा.

आपल्या दर्शनांत यावर बारीक विचार झालेला आहे. पातंजल योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात परिणामाची, म्हणजे बदलाची चर्चा येते. त्यावरच्या व्यासभाष्यात मातीच्या घटाचं उदाहरण आहे. घट घटच राहतो, पण क्षणोक्षणी तो नव्याचा जुना होत असतो. याला अवस्था-परिणाम म्हटलं आहे. म्हणजे जुनेपण एखाद्या सकाळी येऊन दारात उभं राहत नाही. ते पहिल्या दिवसापासून चालूच असतं.

हे मान्य केलं की पुढची अडचण येते. बदल क्षणोक्षणी होत असेल, तर आज टायर बदला असं कोणत्या दिवशी म्हणायचं? ग्रीकांत मिलेटसचा युबुलिडीस म्हणून एक तर्कपंडित होऊन गेला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात. त्याच्या नावावर राशीचं कोडं सांगतात. धान्याच्या राशीतला एक दाणा काढला, रास राहते. आणखी एक काढला, तरी राहते. मग रास संपते कुठल्या दाण्याला? असा दाणा दाखवता येत नाही. आपले पालक नकळत हेच कोडं वापरतात बरं का! काल चालला ना? मग आज का नाही चालणार? आज चालला ना? मग उद्याही चालेल. असं करत करत टायर फुटेपर्यंत चालतो. प्रत्येक दिवसाचा युक्तिवाद बरोबर वाटतो आणि शेवटी पोरगं रस्त्यावर पडलेलं असतं.

यातून वाट कशी काढायची? नेमकी रेषा शोधायची नाही. खूण शोधायची. इथं आपलं न्यायशास्त्र मदतीला येतं. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथं अग्नी आहे, हे अनुमान आपण सगळे करतो. धूर ही पक्की खूण आहे, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. उलट अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान कच्चं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जी खूण कधी खरी ठरते आणि कधी चकवते, तिला नैयायिक सव्यभिचार हेतू म्हणतात. टायरच्या बाबतीत आपण नेमक्या चकवणाऱ्या खुणांवर विसंबतो.

पहिली चकवणारी खूण म्हणजे नक्षी. नक्षी गेली म्हणजे टायर गेला, असं आपण धरतो. हे मोटारीवरून आलंय. मोटारीचा टायर रुंद असतो, वेगात तो साचलेल्या पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून पाणी बाहेर काढायला त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोल. आपल्या वेगाला तो पाणी आपोआप बाजूला सारतो. डांबरी रस्त्यावर नुसती नक्षी पुसली म्हणून सायकल घसरत नाही. मातीच्या आणि मुरमाच्या वाटेवर, चिखलात मात्र नक्षी लागते. तेव्हा गुळगुळीत टायर बघून एवढंच म्हणायचं की रबर पातळ होत चाललंय, आता आत बघितलं पाहिजे.

दुसरी चकवणारी खूण पंक्चर. आपल्याकडे बाभूळ, वेडी बाभूळ, बोर आणि वर सराटे. नव्या टायरलाही सराटा सोडत नाही. म्हणून पंक्चर झाली की ट्यूबला भोक कुठं आहे ते बघा. रस्त्याच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच. आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर तारेचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. टायर बिचारा निर्दोष. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचली. व्हॉल्व्हपाशी हवा जात असेल तर तिथली छोटी रबरी नळी बदला, काम भागतं. एक खूण मात्र खरी आहे : महिन्यात चार पंक्चर, सगळ्या रस्त्याच्या बाजूला आणि दरवेळी वेगळ्या जागी. तेव्हा समजा की रबर इतकं पातळ झालंय की लहान काटाही आरपार जातोय.

तिसरी चकवणारी खूण चकाकी. काही जण टायरला तेल किंवा रॉकेल चोळून काळाभोर करतात. तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर मरतं. चकाकी आली म्हणून तो तरुण होत नाही. टायर पुसायला साधं पाणी आणि फडकं पुरे.

आता पक्क्या खुणा. लिहून घ्या. टायरच्या पाठीवर किंवा बाजूला कुठंही आतले दोरे दिसले, तर टायर संपला. फुगा आला, संपला. कापलेल्या जागेतून ट्यूब डोकावते, संपला. कडेची तार तुटली किंवा बाहेर आली, संपला. या चार खुणांत उद्या बघू नाही, घरी जाईपर्यंत चालेल नाही. सायकल हातात धरून चालत न्यायची.

आणि भेगांचं काय? त्यासाठी एक परीक्षा आहे. हवा सोडा. टायरची बाजू दोन अंगठ्यांमध्ये धरून दुमडा, जुन्या पुस्तकाचं पान दुमडतो तशी. केसासारख्या बारीक रेषा दिसल्या आणि दुमडल्यावरही त्या वरच्यावर राहिल्या, तर टायर म्हातारा होतोय पण कामाचा आहे. महिन्या-महिन्यानं बघत राहा. दुमडल्यावर भेग उघडली, तिच्यात नख जातंय, रबर कडक लागतंय, तर पगाराची किंवा ऊसबिलाची वाट बघत बसू नका, बदला. आणि भेगेच्या तळाशी दोरा दिसला तर तो पहिल्या चार खुणांत गेला.

दुसरी परीक्षा : सायकल उलटी करून चाक हळू फिरवा आणि नजर ब्रेकच्या गुटक्यापाशी ठेवा. रिम सरळ फिरतेय आणि टायरच एका जागी उचलला जातोय किंवा बाजूला वळतोय, तर तिथले दोरे तुटलेत किंवा टायर नीट बसलेला नाही. पुन्हा बसवून बघा. तरी तसंच असेल तर दोरे गेलेत. तिसरी परीक्षा पंक्चर काढताना : टायरच्या आतून एक जुना सुती पायमोजा फिरवा. जिथं तो अडकेल तिथं काटा आहे. बोट फिरवू नका, काटा बोटात जाईल. या तिन्ही परीक्षांना मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत.

आता खर्चाचं बोलू. सायकलचा टायर म्हणजे साधारण एक-दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे. ज्या घरात दोन सायकली आहेत तिथं हा खर्च लागतो, हे मी नाकारत नाही. म्हणून एक युक्ती सांगतो. मागचा टायर आधी झिजतो. तेव्हा नवा टायर मागं न घालता पुढं घाला आणि पुढचा, अजून चांगला असलेला, मागं न्या. दोन्ही चाकांचं माप एकच असेल तर हे जमतं. पैसे एकाच टायरचे जातात आणि चांगला टायर पुढं राहतो. का? मागचा टायर फुटला तर सायकल लटपटते, पण बहुधा सावरता येते. पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. पुढच्या चाकावर कधीही जुना टायर चढवू नका.

आणि इथं मला आजचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलायचं आहे. टायर लवकर बदलला तर काहीशे रुपये जातात. उशिरा बदलला तर दात जातात, हात मोडतो, आणि मागून ऊसाचा ट्रॅक्टर येत असेल तर त्याहून वाईट. या दोन चुका एका वजनाच्या नाहीत. शिवाय टायर बदलायचा की नाही हे ठरवणारा बाप असतो आणि त्यावर बसणारी मुलगी असते. निर्णय एकाचा आणि धोका दुसऱ्याचा. जिथं जिथं अशी वाटणी असते, तिथं निर्णय घेणाऱ्याला धोका नेहमी लहान दिसतो. हा माणसाच्या दुष्टपणाचा भाग नाही, जागेचा आहे. तुम्ही ज्या जागी उभे आहात तिथून भेग दिसतच नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच : टायर बघताना खाली बसा, आणि उतारावर त्या सायकलवर आपण स्वतः आहोत असं धरून ठरवा.

दुसराही एक धोका आहे, तो कमी दिसतो. सायकल आठ-आठ दिवस दुरुस्तीला पडून राहिली की शाळा बुडते. मुलगा असेल तर कुणाच्या तरी गाडीवर बसून येतो. मुलगी असेल तर घरात कुणीतरी म्हणतं, लांब पडतंय, राहू दे आता. मुलींचं शिक्षण मोठ्या कारणांनी थांबतं तसं अशा बारीकसारीक कारणांनीही थांबतं.

निगा राखायची ती थोडक्यात. आठवड्याला हवा भरा. टायरच्या बाजूला आकडा लिहिलेला असतो, त्याच्या आत राहा. उन्हाळी सुट्टीत सायकल हवेविना उभी ठेवू नका, बाजू मुडपून तिथंच उलतात. एक तर हवा ठेवा नाहीतर सायकल टांगून ठेवा. सावलीत ठेवा. विजेची मोटर किंवा वेल्डिंग चालतं त्या खोलीत ठेवू नका, ठिणगीतून ओझोन तयार होतो. चेनला तेल देताना टायरवर पडलं तर लगेच पुसा. आणि नवा टायर घेताना तोही दुमडून बघा. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला टायर नवा असतोच असं नाही. एवढं बोलून मी थांबतो. आता तुमचे प्रश्न.

प्रश्न : टायर एका जागी कापला तर आतून जुन्या टायरचा तुकडा, गेटर, घालून चालतं का?

उत्तर : घरी पोचण्यापुरतं चालतं, लहान चीर असेल तर मागच्या चाकाला काही दिवसही निघतात. पण दोरे तुटलेत ते तुटलेतच. तो तुकडा फक्त ट्यूबला बाहेर येऊ देत नाही, दाब सोसत नाही. पुढच्या चाकाला नको.

प्रश्न : मग हवा नसलेले, भरीव रबराचे टायर का घालू नयेत? पंक्चरचीच कटकट नाही.

उत्तर : काट्याची कटकट जाते, खरं आहे. पण डनलॉपच्या आधी तेच होते आणि लोक त्यांना कंटाळले होते. ते जड असतात, पायडलला जोर लागतो, आणि खड्ड्याचा धक्का हवेऐवजी रिम, तारा आणि आपली कंबर सोसते. आपल्या रस्त्यांवर मी हवेचाच टायर म्हणेन.

प्रश्न : सर, जुन्या टायरचं काय करायचं? होळीत टाकतात.

उत्तर : जाळू नका. त्या धुरात गंधकाचे आणि इतर विषारी वायू असतात, आणि तो धूर आपलीच लेकरं घेतात. भंगारवाल्याला द्या, झाडाच्या आळ्याला लावा, पोरांना फिरवायला द्या.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. टायर बदला म्हटलं की वडील म्हणतात, अजून चालतोय की. मी काय सांगू?

उत्तर : बाळ, वाद घालू नकोस. संध्याकाळी ते घरी आले की सायकल अंगणात उजेडात आण. हवा सोड आणि त्यांच्या हाताला टायरची बाजू दे. त्यांनाच दुमडू दे. भेग उघडली तर त्यांना दिसेल, शेतकऱ्याच्या हाताला ते समजतं. नाही उघडली तर तेही तुला दिसेल, मग आणखी थोडे दिवस चालव. दोघांपैकी जे खरं असेल ते दोघांनी एकत्र बघितलेलं असेल. आणि दर महिन्याला ही परीक्षा तू स्वतः करत जा, कारण त्या सायकलवर तू बसतेस.